मूळ स्वर सोडून वाजवणारे तिघे : 'पोर्ट्रेट इन जॅझ'

मी गेली बावीस वर्षं पेटीची साथ करते. गायकाची जागा संपली की ती हलक्या हाताने भरायची, त्याच्या पुढे जायचं नाही, हे इतकं अंगात मुरलंय की जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीचा (पियानो, बास आणि ड्रम्स) हा अल्बम पहिल्यांदा ऐकताना बासवाल्याचा, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य वाजवणाऱ्याचा, मला रागच आला. पियानो बोलतोय आणि हा मध्येच स्वतःचं काहीतरी सांगतोय!

चौथ्यांदा ऐकताना राग गेला. त्याचं कारण अल्बममधलं 'ऑटम लीव्ह्ज' हे गाणं. तिघं मिळून चाल वाजवतात. आता पियानो विस्ताराला लागणार असं वाटतं, तेवढ्यात ड्रम्स गप्प होतात. बास एक छोटा तुकडा टाकतो, पियानो त्याला उत्तर देतो, दोघंही वाक्यं अर्धीच सोडतात. ठेका कुणीच धरलेला नसतो. मी मांडीवर हाताने मोजून पाहिलं, तर ३२ मापांचं (एक माप म्हणजे चार मात्रा) आवर्तन तसूभरही हललेलं नाही. मग ड्रम्स परत येतात आणि तिघं एकदम धावायला लागतात. तिथे दर वेळी अंगावर काटा येतो.

हे ध्वनिमुद्रण २८ डिसेंबर १९५९चं, न्यूयॉर्कमधलं, रिव्हरसाइड कंपनीसाठी केलेलं. त्याच वर्षी इव्हान्स ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममध्ये वाजवून आला होता. ड्रम्सवर पॉल मोशन. आणि तो बासवाला स्कॉट लाफारो, तेव्हा अवघा २३ वर्षांचा.

इव्हान्सच्या डाव्या हातातले काही कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसमूह, मी पेटीवर शोधून धरले. कॉर्ड ज्यावर उभा असतो तो मूळ स्वरच इव्हान्स पुष्कळदा गाळतो. तो द्यायचा बासने, अशी रीत. पण लाफारो तो देतो न देतो आणि वर चढून निराळीच ओळ गाऊ लागतो. 'विचक्राफ्ट'मध्ये हे फार स्पष्ट ऐकू येतं. तानपुरा थांबवल्यावरही षड्ज कानात घुमत राहावा, तसं मला झालं. जो स्वर कुणी वाजवत नाही, तोच सगळ्यांना धरून ठेवतो.

'व्हेन आय फॉल इन लव्ह' मात्र मला साधं वाटलं. सुरेल आहे, पण तिथे बास पुन्हा मागे बसतो. 'पेरीज स्कोप' ही इव्हान्सची स्वतःची रचना, छोटी आणि प्रसन्न. 'ब्लू इन ग्रीन' रात्री ऐकावं. दहा मापांचं चक्र आहे त्याचं. ते कुठे संपतं आणि पुन्हा कुठे सुरू होतं, हे मला आजही नेमकं पकडता येत नाही आणि पकडावंसंही वाटत नाही.

या तिघांचा यानंतर स्टुडिओतला एकच अल्बम झाला, १९६१ मधला 'एक्सप्लोरेशन्स'. त्याच वर्षी ६ जुलैला लाफारो मोटार अपघातात गेला. २५ वर्षांचा होता.

घेणार असाल तर 'ऑटम लीव्ह्ज' दोनदा असलेली आवृत्ती घ्या, एक स्टिरिओ आणि एक मोनो; ही दोन वेगवेगळी वादनं आहेत. एकापाठोपाठ एक ऐका. तीच चाल, तेच तिघे, पण त्या अर्ध्या वाक्यांची उत्तरं वेगळी येतात. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यावर बास जवळजवळ नाहीसा होतो आणि उरतो तो एकटा पियानो.