अपस्माराची जीन टेस्ट आणि समुपदेशन, पुणे: पाचपैकी चार तारे

मुलीला आधी तापात फिट यायची, मग ताप नसतानाही यायला लागली. एमआरआय नॉर्मल आला, तेव्हा डॉक्टरांनी जीन पॅनेल, म्हणजे एकाच रक्तात अनेक जनुकांची तपासणी, करायला सांगितलं. रक्त साताऱ्यातच घेतलं, जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडंसं.

आधी तक्रार. लॅबने रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी थेट मोबाईलवर टाकला आणि समुपदेशनाची वेळ दिली मंगळवारची. तोवर आम्ही ‘पॅथोजेनिक’ (म्हणजे आजार घडवणारा बदल) शब्द बघून नुसते हादरलेलो. शिवाय आईवडिलांच्या तपासणीचे पैसे वेगळे पडतात, हे कुणी आधी बोललं नाही. एक तारा इथेच गेला.

समुपदेशक मॅडम मात्र उत्तम. गाबा म्हणजे मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन; ते जिथे बसतं तो गाबा रिसेप्टर त्यांनी कागदावर काढून दाखवला. पाच तुकड्यांचं कडं, मधे वाट. गाबा येऊन बसलं की वाट उघडते, क्लोराइड आत जातं आणि पेशी शांत होते. त्यातला गॅमा-२ तुकडा ज्या जनुकावरून बनतो, त्या जीएबीआरजी-२ मध्येच आमच्या मुलीचा बदल आहे. अशा काही बदलांत तो तुकडा पेशीच्या आतच अडकतो, वर पोचतच नाही. मग ब्रेक ढिला. फिट थांबवायला नाकात मारतो तो मिडाझोलामचा स्प्रेही याच रिसेप्टरवर, अल्फा आणि गॅमा तुकड्यांच्या सांध्यात काम करतो. पर्समध्ये तो घेऊन मी कधीपासून हिंडतेय, पण हे पहिल्यांदाच कळलं.

नंतर वंशावळ. सासूबाई ठाम: “आमच्यात कुणाला असलं नाही.” मॅडमनी तापातल्या झटक्यांचं विचारलं, तर म्हणाल्या, “ते ह्याला यायचे की लहानपणी. पण ती तापातली, ती कशाला धरायची?” ह्यांच्या रक्तात तोच बदल निघाला. एकाच घरात कुणाला नुसती तापातली फिट, कुणाला पुढे अपस्मार, असं या जनुकात होतं म्हणे. माझ्या माहेरचा विषय त्या दिवसापासून बंद आहे!

औषध बदललं का? नाही, व्हॅल्प्रोएटच चालू आहे. पण एससीएन-१-ए हे अपस्माराशी जोडलेलं दुसरं जनुक ठीक निघालं, हेही महत्त्वाचं. त्यात दोष निघून ड्रॅव्हे सिंड्रोम (लहानपणी सुरू होणारा गंभीर अपस्मार) ठरला असता, तर कार्बामाझेपिनसारखी औषधं टाळावी लागली असती. पुढच्या प्रत्येक बाळाला हा बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

जाणार असाल तर रिपोर्ट समुपदेशनाच्या दिवशीच द्या म्हणून आधी सांगून ठेवा. आणि सासूबाईंना न्याच.