डीडीरेस्क्यू: डिस्क दुरुस्त करण्याआधी उतरवून घ्या

डिस्क माउंट होईना, म्हणजे उघडेना, की बहुतेकांचा हात आधी एफएससीके (लिनक्स) किंवा चेकडिस्क (विंडोज) या दुरुस्ती साधनांकडे जातो. नेमकं तेच टाळायचं. दुरुस्ती करताना दोन्ही डिस्कवर लिहितात, आणि बॅड सेक्टर (डिस्कवरच्या खराब जागा) वाढत असताना लिहिणं म्हणजे उरलंसुरलंही घालवणं. अँटोनियो डियाझ डियाझ यांचं मोफत डीडीरेस्क्यू दुरुस्ती अजिबात करत नाही. वाचता येईल तेवढं दुसरीकडे उतरवून घेतं. तेवढ्या कामाला त्याला तोड नाही.

खरी करामत मॅपफाइलची. कुठला भाग वाचला, कुठला राहिला याची नोंद तिच्यात असते. मध्येच वीज गेली तर तीच कमांड पुन्हा द्या, काम राहिलं तिथून सुरू. पहिल्या फेरीत '-एन' (-n) लावा: खराब जागा खरवडत न बसता चांगला भाग आधी हाती येतो. मग त्याच मॅपफाइलवर '-डी -आर3' (-d -r3), म्हणजे कर्नलची कॅश (ऑपरेटिंग सिस्टिमचा तात्पुरता साठा) टाळून खराब जागांवर आणखी तीन प्रयत्न.

कमांडमध्ये क्रम मूळ, प्रत, मॅपफाइल असाच हवा. प्रत थेट डिस्कवर घ्यायची असेल तर '-एफ' (-f) दिल्याशिवाय साधन हलत नाही. उलटापालट झाली तर वाचवणारी राखण तेवढीच, त्यामुळे '-एफ' सवयीने टंकू नका. डेबियन-उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे. नावात अंडरस्कोअर असलेलं डीडी_रेस्क्यू वेगळं साधन, पर्याय वेगळे. हा घोळ मात्र वैताग आणतो.

जागेचा हिशोब आधी करा. 1 टीबीच्या डिस्कवर डेटा 200 जीबीच असला तरी इमेजसाठी (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) 1 टीबी मोकळी ठेवा. फॅट32 ड्राइव्हवर इमेज घ्याल तर 4 जीबीला गाडी अडेल. आणि लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून चालवलेल्या लिनक्सवरून) काम करताना मॅपफाइल होम फोल्डरमध्ये ठेवली तर ती रॅममध्येच राहते. रीबूट केलं की गेली.

इमेज मिळाली की तिचीही एक प्रत काढा आणि प्रयोग त्या प्रतीवर करा. एक्स्ट4 (लिनक्सची फाइल सिस्टिम) 'आरओ,नोलोड' (ro,noload) देऊन माउंट करा, कारण नुसत्या 'आरओ'ने, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं उघडूनही, जर्नल (बदलांची नोंदवही) पुन्हा चालवायचा प्रयत्न होतो. सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेला ब्लॉक) गेला असेल तर ई2एफएससीकेला (एक्स्ट4 साठीचं एफएससीके) '-बी 32768' (-b 32768) द्या, म्हणजे ते राखीव प्रत वापरेल. हा आकडा 4 केबी ब्लॉकसाठी, 1 केबी असेल तर 8193. पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत याची यादी) उडालं असेल तर टेस्टडिस्क हे साधन. फायली शोधून काढणारं फोटोरेक अगदी शेवटी: फायली मिळतात, पण मूळ नावं आणि फोल्डर बहुधा जातात.

डिस्क टकटक करत असेल तर यातलं काहीच चालवू नका. हेडचा (डेटा वाचणाऱ्या भागाचा) दोष असण्याची शक्यता मोठी. वीज तोडा आणि क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेली डेटा रिकव्हरी लॅब गाठा.