मणका दबलाय: पट्टा, सिमेंट की फुगा?

हाडं ठिसूळ होऊन मणका दबला की डॉक्टर साधारण तीन वाटा सांगतात. पट्टा बांधून गोळ्यांवर थांबायचं, सुईतून मणक्यात सिमेंट भरायचं, म्हणजे व्हर्टिब्रोप्लास्टी, किंवा आधी आत फुगा फुगवून जागा करायची आणि मग सिमेंट भरायचं, म्हणजे कायफोप्लास्टी. आईच्या बाबतीत आम्ही पहिली वाट बरेच दिवस चाललो आणि मग दुसरीवर वळलो.

थांबण्याच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. बऱ्याच जणांचं दुखणं दीड-दोन महिन्यांत आपसूक उतरतं. शिवाय २००९ साली दोन चाचण्या आल्या. त्यांत काहींना खरंच सिमेंट भरलं, काहींना नुसता तसा देखावा केला, आणि आराम दोन्हीकडे जवळपास सारखाच पडला. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सहा आठवड्यांच्या आतले, फार दुखणारे रुग्ण घेतले, तेव्हा मात्र सिमेंटचं पारडं जड निघालं. पुढे २०१८ साली नेदरलँड्समधल्या चाचणीत पुन्हा फरक नाही. डॉक्टरांचंच जिथे एकमत नाही, तिथे मी छातीठोक काय सांगणार!

पण या चाचण्यांत टेलर ब्रेस, म्हणजे तो पाठीचा पट्टा, कुणी रात्री दोन वाजता बांधून पाहिला नसावा. आमचं घोडं अडलं ते तिथे. पट्टा बांधल्याशिवाय उठायचं नाही असं आम्हाला बजावलेलं. म्हणजे आईला लघवीला जायचं तर आधी कुणाला तरी हाक मारायची, मग कुशीवर वळायचं, खांद्यावरचे पट्टे, पोटावरचे पट्टे, प्रत्येक ओढीला ‘आई गं’. माझी झोपमोड नको म्हणून ती संध्याकाळनंतर पाणी प्यायचीच थांबली. त्यात दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होईना, आणि कुंथलं की पाठीत कळ. दुखणं परवडलं, पण त्याच्याभोवतीचा हा सगळा संसार नको, असं मला वाटू लागलं.

सिमेंट ठरलं, तेव्हा फुग्याचाही विचार केला. फुग्याने पोकळी तयार होते, म्हणून सिमेंट घट्टसर आणि कमी दाबाने भरता येतं, बाहेर झिरपण्याचा धोका घटतो. मणका नुकताच आणि बराच चेपलाय, पाठीला बाक येतोय, अशांनी फुग्याबद्दल जरूर विचारावं. परत मिळणारी उंची मात्र अनेकदा थोडीच असते. आईचा मणका फार चेपलेला नव्हता, तिला दमा आहे, आणि आमच्याकडे फुग्यासाठी पूर्ण भूल सुचवली होती. खर्चही बराच जास्त. साधं सिमेंट जागेवरच्या भुलेत झालं. तिची तक्रार एकच, इतका वेळ पालथं झोपवलं. दुसऱ्या दिवशी ती पट्ट्याविना बाथरूमला गेली. हे श्रेय सिमेंटचं किती आणि उलटून गेलेल्या दिवसांचं किती, सांगता येत नाही. घरात त्यावर कुणी वाद घातला नाही, एवढं खरं.

मणका ताजाच दबलाय का, हे आधी एमआरआयवर पाहून घ्या. एक्स-रेवर जुना दबलेला मणकाही तसाच दिसतो आणि नको त्या मणक्यात सिमेंट जायचं. हाडाचा तुकडा मागे सरकून मज्जारज्जूवर दाब असेल, पायांतली ताकद कमी झाली असेल, तर हा प्रश्न सुईचा राहत नाही, स्पाइन सर्जनला गाठा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

दुखणं महिन्याभरात उतरणीला लागलं असेल तर माझा आग्रह नाही, थांबा. पण रात्रीचं उठणं हीच लढाई झाली असेल, तर साध्या सिमेंटबद्दल विचारायला मी उशीर करणार नाही. ठिसूळपणाचं औषध मात्र तिन्ही वाटांवर लागतंच. आईला त्यासाठी वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन देतात, आणि ते तिला सिमेंटपेक्षा जास्त नकोसं वाटतं.