नवा गिनीपिग: उचलून सवय लावावी की जवळ बसून वाट पाहावी?

गिनीपिग घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याला आडोशात निवांत राहू द्यावे, याबद्दल फारसे दुमत नाही. मतभेद सुरू होतो तो त्यानंतर. काही जण सांगतात की त्याला रोज ठरावीक वेळी पिंजऱ्यातून काढून मांडीवर घ्यावे, म्हणजे माणसाच्या स्पर्शाची भीती मोडते. इतरांचे म्हणणे असे की आपणहून हात लावूच नये. शेजारी बसावे, हातातून पाला भरवावा आणि तो स्वतः जवळ येईपर्यंत थांबावे. मी दोन्ही मार्ग वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जोड्यांबाबत अवलंबले आहेत. प्रत्येक प्राण्याचा स्वभाव निराळा असल्याने माझा अनुभव हा नियम समजू नये.

उचलण्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. नखे कापणे, दात पाहणे, आठवड्यातून एकदा वजन करणे ही कामे टळत नाहीत. हा प्राणी आजार लपवतो आणि पुष्कळदा घटलेले वजन हीच पहिली खूण असते. शिवाय फळ लवकर दिसते. माझी पहिली जोडी आठवडाभरातच मांडीवरच्या टॉवेलवर पंधरा मिनिटे न हलता बसू लागली, आणि मला फार समाधान वाटले.

खटकली ती त्याआधीची धरपकड. मांडीवर येण्यापूर्वी प्रत्येक गिनीपिगला पकडावे लागे आणि तो पिंजराभर धावे. हात वरून येई, आणि ज्या प्राण्याच्या पूर्वजांना वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यांपासून जीव वाचवावा लागला, त्याला तो हात कसा वाटत असेल हे मला फार उशिरा उमगले. सराव जसजसा वाढला तशी ही पळापळ कमी होईल असे मी धरून चाललो होतो. उलट ती वाढत गेली. महिन्याभरात दाराची कडी वाजली तरी दोघे आडोशाच्या तोंडाशी एकमेकांवर आदळू लागले, आणि अखेर मी केवळ वाळलेले गवत भरायला हात घातला तरी तेच होऊ लागले. दिवसातून पंधरा मिनिटांच्या स्पर्शासाठी उरलेल्या वेळेची माझी ओळख मी पकडणारा म्हणून करून देत होतो.

मग मांडीवरच्या त्या शांतपणाकडेही मी नीट पाहू लागलो. अंग ताठ, डोळे विस्फारलेले, समोर धरलेल्या कोथिंबिरीकडे दुर्लक्ष. पाठीवरून हात फिरवताना येणाऱ्या ज्या गुरगुरीला मी सुख समजत होतो, ती बारीक आणि तुटक होती. खरोखर सुखावलेल्या गिनीपिगचा आवाज खोल, संथ असतो आणि अंग सैल पडून पसरते. तो निवांत बसला नव्हता, भीतीने थिजला होता, असे मला आज वाटते.

दुसऱ्या जोडीच्या वेळी मी रोज संध्याकाळी पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसून हलक्या आवाजात वाचत असे आणि हात खालूनच, बाजूने आत ठेवत असे. दहा दिवस काहीही घडले नाही, आणि या मार्गाची खरी किंमत हीच आहे: आपण काही करत आहोत असे वाटतच नाही. अकराव्या दिवशी त्यांतील धीट मादीने मागचे पाय आडोशातच रोवून पुढचे अर्धे अंग ताणले, कोथिंबिरीचे टोक दातांत धरले आणि काडीसकट आत ओढून नेले. पुढे ढोबळी मिरचीचा तुकडा ती माझ्या बोटांतूनच खाऊ लागली. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे ती मिरची तशीही रोज द्यावी लागतेच. तिला फक्त हाताची जोड मिळाली. दुसरीला आणखी तीन आठवडे लागले.

या मार्गातली उणीव मान्य करायला हवी: हातातून खाणारा गिनीपिग उचलू देईलच असे नाही. माझी मादी आजही उचललेले फारसे खपवून घेत नाही. त्यावर मला कापडी बोगद्याचा उपयोग झाला. ती स्वतः आत शिरली की मी दोन्ही तोंडे हातांनी झाकून बोगदाच उचलतो आणि तसाच वजनकाट्यावर ठेवतो; बोगद्याचे वजन नंतर वजा करतो. पाठलाग पूर्णपणे टळतो.

रोज औषध द्यावे लागणारा आजारी प्राणी घरी येत असेल, तर वाट पाहण्याची चैन परवडत नाही. त्याला उचलावेच लागेल. दोहोंपैकी कोणताही मार्ग धरला, तरी नव्या गिनीपिगने दिवसभर काहीच खाल्ले नाही तर त्याला बुजरेपणा न समजता पशुवैद्याला दाखवावे. इतर वेळी, घरात थोडा धीर असेल तर, मी दुसरा मार्ग सुचवेन. उचलायची वेळ आलीच तर जमिनीवर बसून, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली देऊन त्याला अंगाशी धरावे, आणि परत ठेवताना त्याचे चारही पाय टेकेपर्यंत हात सोडू नये. शेवटच्या क्षणी उडी मारण्याची त्यांना सवय असते.