पोटावरची लोंबती कातडी काढण्याची शस्त्रक्रिया : सांगलीतील अनुभव

दोन वर्षांपूर्वी पुण्यात वजन घटवण्याची बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया करून घेतल्यानंतर माझे वजन ११८ किलोंवरून ६७ किलोंवर आले. पोटावरची कातडी मात्र वजनाबरोबर गेली नाही. ती जांघेपर्यंत लोंबत असे, उन्हाळ्यात घडीखाली चिघळत असे, आणि परकराची नाडी घडीच्या वर बांधावी की खाली हा प्रश्न रोज सकाळी पडत असे. वर्षानुवर्षे ताणलेल्या कातडीतील कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू तुटतात, त्यामुळे व्यायामाने स्नायू बळकट झाले तरी कातडी आवळत नाही, हे मला आठ महिने जिमची फी भरल्यावर कळले. अखेर गेल्या डिसेंबरात सांगलीतील एका खासगी रुग्णालयात ही कातडी काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे अ‍ॅबडॉमिनोप्लास्टी करून घेतली. डॉक्टरांविषयी कृतज्ञता आणि कार्यालयाविषयी तक्रार अशी दोन्ही असल्यामुळे रुग्णालयाचे नाव लिहीत नाही.

पहिल्या भेटीत प्लास्टिक सर्जनांनी पोट पाहण्याआधी विचारले, "मिश्री लावता का?" विडीकाडीला कधी हात न लावलेल्या मला तंबाखूचा प्रश्न आपल्यासाठी नाही असेच वाटत होते, पण रोज दातांना लावायची मिश्री म्हणजेही तंबाखूच. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, आणि या शस्त्रक्रियेत कातडीचा मोठा पट्टा मोकळा करून खाली ओढून शिवलेला असल्याने, त्याच्या कडेपर्यंत रक्त पोहोचले नाही तर ती कड काळी पडून मरते, असे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. मिश्री सहा आठवडे बंद करायला लावली. हिमोग्लोबिन ९.४ निघाल्यामुळे लोहाची इंजेक्शने आणि प्रथिनयुक्त आहार सुरू करून तारीख अडीच महिने पुढे ढकलली. वजन किमान सहा महिने स्थिर आहे ना, हेही जुन्या नोंदी पाहून तपासले. ताटकळत ठेवल्याचा राग आला होता, परंतु पैसे समोर असताना रुग्णाला परत पाठवणाऱ्या डॉक्टरांवर माझा विश्वास तिथेच बसला.

शस्त्रक्रिया चार तास चालली. दोन किलो चारशे ग्रॅम कातडी आणि चरबी निघाली, आणि बेंबी जागच्या जागी ठेवून ओढलेल्या कातडीत तिच्यासाठी नवे छिद्र केले गेले. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी मला उठवून चालवले. टाके ताणू नयेत म्हणून पहिले दहा दिवस कमरेत वाकूनच चालावे लागले. दोन्ही बाजूंच्या ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतील पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्यांमध्ये, जमलेले पाणी रोज रात्री मोजून मुलगा आपल्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत असे : पहिल्या दिवशी ११० मिलिलिटर, सातव्या दिवशी तीसच्या आत, मग नळ्या निघाल्या. जखमेला हळद लावायची नाही, हे हळदीच्या पेठेत जन्म काढलेल्या सासूबाईंना पटवणे सर्वांत अवघड गेले.

आता तक्रार. अंदाजपत्रकात १,८०,००० रुपये लिहिले होते. घरी सोडताना त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३२,४०० रुपये वाढलेले दिसले. अपघात किंवा जन्मजात दोषामुळे करावी लागणारी प्लास्टिक सर्जरी करमुक्त असते, सौंदर्यशस्त्रक्रिया नसते, आणि माझी शस्त्रक्रिया दुसऱ्या वर्गात धरली गेली. विमा कंपनीनेही त्याच कारणावरून दावा नाकारला. नियम असेल तर असो, पण तो आधी सांगता आला असता. बाराव्या दिवशी, शनिवारी रात्री, पोटात पाणी हिंदकळल्यासारखे वाटू लागले, तेव्हा डिस्चार्ज कार्डावरचा क्रमांक सोमवार सकाळपर्यंत कोणीही उचलला नाही. कातडीखाली पाणी साठणे, म्हणजे सीरोमा, ही या शस्त्रक्रियेनंतर नेहमी आढळणारी गुंतागुंत आहे; डॉक्टरांनी ते सुईने तीन वेळा काढले आणि प्रकरण मिटले. मात्र ते दोन दिवस घाबरून काढावे लागण्याचे काहीच कारण नव्हते.

आठ महिन्यांनंतर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतचा व्रण तांबूस-तपकिरी आहे आणि नाडीच्या खाली झाकला जातो. बेंबीखालचा भाग अजून बधिर आहे, आणि उजव्या टोकाला कातडीचा लहानसा उंचवटा राहिला आहे. दंडांच्या कातडीसाठी याच डॉक्टरांकडे जाणार आहे. या खेपेस करासह लेखी अंदाजपत्रक आणि रविवारीही उचलला जाणारा फोन क्रमांक आधी मागून घेईन. मिश्रीचा डबा मात्र मध्यंतरी पुन्हा उघडला गेला आहे, तो त्याआधी सहा आठवडे बंद करावा लागेल.