नळाच्या पाण्याला रंग आला म्हणून

टोकियोच्या एदोगावा वॉर्डातील निशी-कासाई भागात आम्ही सहा वर्षे राहतो. इथे ट्रेनमध्ये विसरलेले पाकीट नोटांसकट परत मिळते आणि पहिलीतली मुले एकटी चालत शाळेला जातात. या शांततेची एकदा सवय झाली की दारावरची बेल वाजल्यावर आपण फारसा विचार न करता दार उघडतो. मी ते उघडले, आणि इथे नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांवर तशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

मंगळवारी दुपारी निळा गणवेश घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण आला आणि या इमारतीतील पाण्याची तपासणी चालू असल्याचे त्याने अत्यंत अदबीने सांगितले. आपण पाणीपुरवठा विभागाचे आहोत असे तो एकदाही म्हणाला नाही. मला तसे वाटावे एवढीच काळजी त्याने घेतली. स्वयंपाकघरातील नळाचे पाणी त्याने बोटाएवढ्या काचेच्या नळीत घेतले, त्यात औषधाचे दोन थेंब टाकले आणि पाणी बघता बघता पिवळे झाले. सोबतच्या यंत्रातून गाळलेले पाणी मात्र तेच थेंब टाकूनही नितळ राहिले. "हे पाणी तुम्ही मुलीला पाजता?" एवढेच त्याने विचारले. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. अर्ध्या तासात मी १,९८,००० येनच्या हप्त्यांच्या करारावर सही केली आणि तो नळाला यंत्र बसवून निघून गेला.

शनिवारी आईला व्हिडिओ कॉलवर ते यंत्र दाखवले. ती सांगली जिल्ह्यात आरोग्यसेविका होती. सगळे ऐकून ती म्हणाली, "अगं, ही तर पाण्यातला क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट! विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकल्यावर आम्ही हीच करायचो. रंग आला तरच पाणी पिण्यालायक." जपानमध्येही नळापाशी प्रतिलिटर किमान ०.१ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे पिवळा रंग ही पाणी सुरक्षित असल्याची खूण होती, आणि रंग न येण्याचे कारण एवढेच की यंत्राने क्लोरीन काढून टाकला होता.

शेजारच्या आजींनी १८८ हा ग्राहक मदत क्रमांक दिला. सोमवारी सकाळी तिथल्या बाईंनी मला एकेक पायरी समजावून सांगितली. दारावर येऊन विकलेल्या अशा वस्तूंचा करार, त्याचा कागद हाती आल्याच्या दिवसासह ८ दिवसांत, कोणतेही कारण न देता रद्द करता येतो. यंत्र बसवलेले असले तरी ते काढून नेण्याचा खर्च विक्रेत्याचाच असतो. त्याच दिवशी, म्हणजे सातव्या दिवशी, मी विक्रेत्याला आणि हप्त्यांच्या कंपनीला करार रद्द केल्याची वेगवेगळी पोस्टकार्डे नोंदणीकृत टपालाने पाठवली आणि दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स जपून ठेवल्या. जून २०२२ पासून हे ईमेलनेही करता येते, पण मला हाती पावती हवी होती. दहा दिवसांनी दुसराच माणूस येऊन यंत्र काढून घेऊन गेला. हप्ता एकही कापला गेला नाही.

आता मी इंटरफोनवरच नाव व काम विचारते आणि दार बंदच ठेवते. ज्यांच्या घरी असे यंत्र याच आठवड्यात बसले असेल, त्यांनी आधी करारावरची तारीख पाहावी आणि आजच १८८ ला फोन करावा.