1911 आणि ग्लॉक 19 : टेक्सासमध्ये अनेक महिने वापरल्यानंतर

टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याविनाही पिस्तूल बाळगता येते. तरीही इतर राज्यांत जाणे-येणे असल्याने मी परवाना काढला आणि गेले कित्येक महिने दोन पिस्तुले आलटून-पालटून कमरेला लावली. एक .45 इंच व्यासाच्या गोळीचे, 1911 नमुन्याचे. दुसरे 9 मिलिमीटरचे ग्लॉक 19. कोणत्या गोळीत जोर अधिक, हा वाद मी लवकरच सोडून दिला, कारण दिवसभर अंगावर वागवताना पिस्तूल आपल्याकडून कोणती शिस्त मागते, हेच निर्णायक ठरते.

जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेले पिस्तूल अमेरिकी लष्कराने 1911 मध्ये स्वीकारले आणि 1985 मध्ये बेरेटा या इटालियन कंपनीच्या पिस्तुलाची निवड होईपर्यंत तेच प्रमुख राहिले. त्याचा चाप आसाभोवती न फिरता सरळ मागे सरकतो, ओढ आखूड असते आणि गोळी सुटण्याचा क्षण बोटाला नेमका कळतो. नेमबाजीच्या मैदानावर माझे नेम आजही याच पिस्तुलाने अधिक चांगले बसतात. शिवाय ते चपटे असल्याने लांबी जास्त असूनही सैल शर्टाखाली सहज झाकले जाते.

अडचण वजनाची आहे. रिकामे असतानाच ते सुमारे 1.1 किलो भरते, मॅगझिनमध्ये (गोळ्यांच्या पेटीत) गोळ्या मात्र सातच. जुन्या पद्धतीचा काळानिळा मुलामा दिलेल्या पोलादाला इथला उन्हाळा मानवत नाही : स्लाइडचा, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाचा, जो भाग घामेजलेल्या शर्टाला घासतो, तिथे तांबूस ठिपके उमटतात आणि रोज रात्री तेलाचे फडके फिरवावेच लागते. माझ्याकडच्या एका स्वस्त मॅगझिनमधून शेवटची गोळी वारंवार अडकत असे. मॅगझिन बदलल्यावर ती तक्रार संपली.

गॅस्टन ग्लॉक यांच्या कंपनीने 1980 च्या दशकात पॉलिमरच्या (टणक प्लास्टिकच्या) सांगाड्याचे पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याला दिले. ग्लॉक 19 हे त्याचेच आटोपशीर भावंड. रिकाम्या मॅगझिनसह ते साधारण 670 ग्रॅम भरते आणि पंधरा गोळ्या घेते. चापाची ओढ मला रुचत नाही, पण 9 मिलिमीटरच्या गोळ्या स्वस्त असल्याने सराव अधिक होतो, आणि त्यातून बरीच भरपाई होते. (पुण्याचे नातेवाईक हटकून विचारतात म्हणून सांगतो : भारतात 9 मिलिमीटर हा बोअर (नळीचा आतला व्यास) सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे.)

खरा फरक सेफ्टीचा, म्हणजे गोळी चुकून सुटू नये यासाठीच्या कळीचा आहे. 1911 घोडा पूर्ण चढवून आणि सेफ्टी लावून बाळगावे लागते, त्यामुळे ते बाहेर काढताना अंगठ्याने सेफ्टी खाली करण्याची सवय हाडीमाशी मुरलेली हवी. ग्लॉकला अशी बाहेरची कळ नाही. चापातच एक बारीक पट्टी असते, ती बोटाने दाबल्याशिवाय चाप मागे जात नाही. म्हणून तिथे दक्षता पिस्तूल परत ठेवताना लागते. चाप पूर्ण झाकणारे ताठ होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान) घ्यावे आणि शर्टाचे टोक आत शिरलेले नाही, हे पाहूनच पिस्तूल सावकाश सरकवावे.

आता रोज ग्लॉक असते. साफसफाईसाठी ते उघडण्याआधी चाप ओढावा लागतो. तेव्हा मॅगझिन बाजूला काढून, स्लाइड मागे खेचून नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसते ती जागा रिकामी आहे का, हे डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्ही प्रकारे तपासावे. 1911 खोलताना पुढच्या स्प्रिंगवरची टोपी अंगठ्याने दाबून धरावी, अन्यथा ती थेट छताकडे उडते.